गोंगाट थांबेपर्यंत

माझे सासरे याकोब जन्माने ज्यू आणि स्वभावाने हट्टी. लग्न होऊन पुण्याहून जर्मनीत आले तेव्हापासून मी त्यांना बाबाच म्हणते. हट्टाच्या बाबतीत सासर-माहेर सारखंच निघालं.

न्युरेम्बर्गजवळच्या आमच्या छोट्या गावात यंदा पुरीमच्या सणाला सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहात, बाबा आपल्या आईची आठवण वाचणार होते. त्यात एक वाक्य होतं: ‘महायुद्धानंतर आई तान्ह्या मला घेऊन आपल्याच ज्यू माणसांच्या दाराशी गेली, आणि नवरा ख्रिस्ती जर्मन म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.’

इथल्या ज्यू समाजाचे अध्यक्ष लेविन घरी आले. “तेवढं वाक्य गाळा,” म्हणाले. “सिनेगॉगबाहेर पोलीस उभा करावा लागतो. मग द्वेष करणाऱ्यांच्या हाती कोलीत कशाला?”

घरातलं चव्हाट्यावर आणू नये, हे मी माहेरीही पुष्कळ ऐकलंय. मला राग आला. पण त्यांची भीती खोटी नव्हती. तो पोलीस मीही बघते.

“आई ते कुणाजवळ बोलली नाही,” बाबा म्हणाले. “मीही गाळलं, तर ते घडलंच नाही असं होईल.”

पुरीमला जुनी पोथी वाचतात. ज्यूंच्या जिवावर उठलेल्या प्रधानाचं नाव आलं की खुळखुळे वाजवून, पाय आपटून ते बुडवायचं. गाळायचं मात्र नाही. वाचणारा गोंगाट थांबेपर्यंत थांबतो, कारण एकही शब्द ऐकायचा राहिला तर वाचन पुरं होत नाही.

पोथी संपली, बाबा उभे राहिले. ते वाक्य आलं आणि मागून एक खुळखुळा वाजला. मग आणखी. पाय आपटले गेले. बाबांना हात धरून घरी न्यावं असं मला वाटलं. ते चष्मा पुसत उभे राहिले. आवाज थांबल्यावर त्यांनी तेच वाक्य पुन्हा सुरू केलं. पुन्हा खुळखुळे.

मग लेविन उठले. आता हे बाबांना खाली बसवणार, असं मला वाटलं. ते मागे वळले.

“शांत राहा,” म्हणाले. “मला सगळे शब्द ऐकू आलेले नाहीत.”

बाबांनी तिसऱ्यांदा वाचलं. या वेळी ‘आई’ न म्हणता त्यांनी तिचं नाव घेतलं, हन्ना. त्या भिंतींच्या आत ते आजवर कुणी घेतलं नव्हतं. खुळखुळा वाजला नाही.