म्हातारीला फुटलेली पानं

रोज नदीची पातळी मोजून कळवायचं काम त्याच्याकडे होतं, आणि ते खिडकीतून करण्यात त्याचा फायदा रोखठोक होता: ब्याण्णव पायऱ्या उतरणं नाही, ब्याण्णव चढणं नाही, गुडघे शाबूत आणि चहा गरम. नदीतल्या कुबड्या खडकाला सगळे म्हातारी म्हणत. म्हातारीचं डोकं दिसलं की पाणी चार मीटरच्या आत. मग काठावरच्या मोजपट्टीपर्यंत तंगडतोड कशाला? आजही त्याने खालच्या गावच्या नावाड्याला फोनवर सांगितलं, "साडेतीन मीटर," आणि कप उचलला.

बायको खिडकीत फडकं वाळत घालत होती.

"अहो, म्हातारीला पानं कधी फुटली?"

तो हसला. मग उठून त्याने पाहिलं. काळं, वाकलेलं काहीतरी पाण्यावर होतं खरं. पण त्याला हिरवी पानं होती, आणि ते सावकाश वळत होतं. उन्मळून आलेलं झाड. म्हातारी त्याखाली कधीच गडप झाली होती.

सातला पाच कमी. खालच्या गावात दिलेली लेक दवाखान्यात नर्स होती. रोज सातच्या नावेने पलीकडे जायची.

नावाडी फोन उचलेना. लेकही उचलेना. तो अनवाणीच पायऱ्या उतरत सुटला. एक्केचाळिसाव्या पायरीवरच पाणी पावलांना लागलं. मोजपट्टीचा खालचा भाग पार बुडाला होता.

"फोन लागला का हो?" वरून बायको ओरडली.

त्याने नाही म्हणून हात हलवला आणि पुन्हा नंबर लावला.

सव्वासातला लेकीचाच फोन आला.

"बाबा, एवढे फोन? मी काठावरच आहे. नावाडीकाकांनी नाव सोडलीच नाही."

"पण मी तर साडेतीन सांगितलं होतं."

"हो ना. काका म्हणतात, तुझ्या बाबांची नदी दोन वर्षं झाली, साडेतीनच्या वर जातच नाही. ते आपला बांबू घालून बघतात. आज बांबू तळाला टेकलाच नाही."

तिच्यामागे कुणीतरी खो खो हसलं.

तो तिथेच ओल्या पायरीवर बसला.

नुकसान तसं थोडकं: नावाड्याची एक फेरी, लेकीची अर्धी रजा. उरलेलं त्याच्या वाट्याचं. संध्याकाळी तो पाण्यापर्यंत उतरला, चष्मा पुसून मोजपट्टी दोनदा वाचली आणि फोन लावला.

"सहा मीटर दहा."

"बरं," नावाडी म्हणाला.

फोन बंद होण्याआधी त्याला पलीकडे बांबू पाण्यात उतरल्याचा आवाज ऐकू आला.