रविवारच्या पावत्या

कपड्यांचा निळा चिमटा, आणि त्याच्या तोंडात अकरा पावत्या – तारखेवार, कोपऱ्याला कोपरा जुळवून... बाबांचंच काम! अश्लेषाचे सासरे बँकेत ऑडिटर होते. हक्काचं सोडू नये, बिनहक्काचं घेऊ नये, हे त्यांचं ब्रीद. तिच्या कंपनीकडून औषधांसाठी वर्षाला ठरावीक रक्कम मिळते, घरच्यांसाठीही चालते आणि उरली तर आज, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, बुडते, एवढं कळल्यावर ते गप्प कसे बसतील? सकाळीच चिमटा तिच्या लॅपटॉपवर ठेवून ते पेपर वाचायला हॉलमध्ये गेले होते.

ती ॲपवर एकेका पावतीचा फोटो चढवत होती. पित्ताचं पातळ औषध, चघळायच्या गोळ्या, पुन्हा पातळ औषध... सात तारीख, चौदा, एकवीस – तिचा हात थांबला. सगळे रविवार. वेळ दुपारी तीननंतरची, म्हणजे ‘जरा पाय मोकळे करून येतो’ म्हणत ते लिफ्टने खाली उतरायचे ती.

आणि रविवारी मिसळ असते. माझी मिसळ. सासूबाई गेल्यावर बाबा इथे परदेशात, सेंगकांगला आमच्याकडे आले ते नुसते घास चिवडत बसायचे – मग एका रविवारी मी हिय्या करून सासूबाईंच्या अंदाजाने मिसळ केली आणि ते घाम पुसत म्हणाले, “अगदी तिच्या हातची!” त्या एका वाक्यावर मी चढून बसले, दर रविवारी तर्री वाढवत गेले, आणि हा माणूस नाक पुसत दुसऱ्यांदा मागून घेत राहिला... पोटात ठेवणं म्हणतात ते हेच. काय म्हणावं याला! कुशल, त्यांचाच मुलगा, मीठ कमी पडलं तरी ताट सरकवतो. आणि एवढ्या पक्क्या ऑडिटरला आपल्याच पावत्यांवरचे वार दिसू नयेत? तिला हसू आलं, डोळेही भरले.

‘कारण’ या रकान्यात तिने अपचन लिहिलं. खरं तर स्वतःचं नाव लिहायला हवं होतं.

तिखट कमी केलं तर पहिल्याच घासाला ते ओळखतील – हिला कळलं. नाही केलं तर...

“अश्लेषा, आज मिसळ आहे ना गं?” हॉलमधून हाक आली. “तर्री सढळ हाताने हं!”

“हो, बाबा.”

ती ओट्यापाशी गेली, पळी हातात घेतली, आणि तर्री किती घालावी हे तिला प्रथमच ठरवता येईना. इतके दिवस वाटायचं, सासूबाईंच्या माघारी या माणसाला आपण सांभाळतो आहोत.