ढवळीची मैत्रीण

मुरबाडकडच्या त्या गावात पेपर दुपारी येतो, पण गावाला जगाची खबर सकाळीच लागलेली असते. निवृत्त शिक्षिका चंद्रकलाबाई मोबाइलवर काहीबाही शोधत बसतात आणि जे आवडेल ते एसटीच्या शेडमधल्या फळ्यावर चार ओळींत लिहितात. खाली दरवेळी ठळक अक्षरांत असतं, ‘मी लिहिलं म्हणून मानू नका. जमेल तिथे तपासा.’ ही ओळ मोठी माणसं वाचत नाहीत. मुलं वाचतात.

धाऊचं त्या फळ्याशी काही वाकडं नव्हतं. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात हे कळल्याने त्याची लावणी अडली नव्हती. ऑस्ट्रेलियातल्या वॉम्बॅट नावाच्या प्राण्याच्या लेंड्या चौकोनी असतात हे ऐकून त्याची बायको गिरजा एवढंच म्हणाली होती, की रचून ठेवायला बऱ्या. पण एका सकाळी फळ्यावर आलं, ‘गायींनाही जिवलग सोबतीण असते. ती शेजारी असली की त्यांच्या छातीचे ठोके शांत पडतात, असं अभ्यासकांना दिसलं आहे.’ आणि नेमकं त्याच आठवड्यात धाऊला आपली ढवळी गाय लेकीच्या सासरी पोचवायची होती.

शब्दच तसा दिला होता त्याने. प्रियांकाच्या लग्नात, भर मांडवात, भातसानगरजवळच्या चांगो व्याह्याला तो म्हणाला होता की लेकीमागोमाग आमची एक गाय येईल. वर्ष सरत आलं होतं. आता शब्द फिरवला असता तर व्याह्याने तोंडावर काही म्हटलं नसतं, पण प्रियांकाला जन्मभर खाली बघावं लागलं असतं.

धाऊची नात समीक्षा चौथीत होती. फळा वाचून ती थेट गोठ्यात आली आणि ढवळीला शेजारी बांधलेल्या तांबू गाईपासून तोडायचं नाही म्हणून तिने बजावलं. गिरजा लगेच नातीच्या बाजूला झाली. गाईला गवत लागतं, मैत्रीण नाही, असं धाऊने सांगून पाहिलं. तेव्हा प्रकरण चंद्रकलाबाईंकडे गेलं. बाईंनी कोणाचीच बाजू घेतली नाही. एकदा दिसलं तर तो योगायोग, पुन्हा पुन्हा दिसलं तर विचार करायचा, असं मुलांना समजावून त्यांनी नुसतं बघत राहायला सांगितलं. गुरांना हाकायचं नाही, हाक मारायची नाही, आपल्याला हवं तेच दिसतंय का हे स्वतःला विचारायचं.

शाळा सुटली की मुलं बांधावर ओळीने बसू लागली. निकाल लागला तेव्हा धाऊ खूश झाला, कारण ढवळीला तांबूचं काडीचं प्रेम नव्हतं. पाण्यावर तर तिने तिला शिंगच लावलं होतं.

“मंग झालं,” धाऊ म्हणाला. “मैत्रीण नाय, काय नाय. उद्या टेम्पो सांगतो.”

“हाय ना मैत्रीण,” समीक्षा म्हणाली. “तुमी जाल तिकडं ती मागं येते, आबा. तुमी झुडपाआड गेलाव तरी ती भायेर उभी ऱ्हाते. तिची मैत्रीण तुमी.”

संध्याकाळी डेअरीवर दूध घालायला गेलेल्या धाऊला पुढे जागा करून देत कोणीतरी म्हणालं, सरका रे, ढवळीची मैत्रीण आली.

टेम्पो आला. ढवळी फळीवर पाय ठेवीना. शेवटी धाऊ वर चढला, तशी ती मागोमाग चढली. गिरजाने हसू दाबत भाकऱ्यांचं फडकं त्याच्या हातात दिलं. ते गरजेचंच होतं, कारण लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीही घ्यायचं नाही, ही रीत धाऊने कधी मोडली नव्हती. पाण्याचीही बाटली त्याने बरोबर घेतली.

चांगोने गाईची आरती करवली, धाऊला पाट मांडला. धाऊ पाटाला नमस्कार करून गोठ्यात जाऊन बसला. तो निघाला की ढवळी दावं ताणायची, म्हणून रात्रीचा मुक्काम पडला. त्याने फडकं सोडून भाकरी खाल्ली की तीही गवताला तोंड लावायची. भाकऱ्या संपल्या तशी ती चाऱ्यावरून मान फिरवून त्याच्याकडे बघत राहिली. प्रियांका गरम भात आणि वालाचं बिरडं घेऊन दारात उभी. धाऊ बाटलीतला शेवटचा घोट तोंडात घोळवत बसलेला.

चांगो समोर येऊन उकिडवा बसला. “गाय उपाशी, व्याही उपाशी. पाहुण्याला नि जनावराला मारतो म्हणून उद्या गाव माझ्या तोंडात शेण घालंल. ढवळी परत न्यायची तर न्या, मी रागवायचो नाय.”

“शब्द हाय माझा.”

“मंग जेवा.”

“रीत हाय आमची.”

“दोन्ही नाय जमायचं, व्याही. एक कायतरी सोडा.”

धाऊने गाईकडे पाहिलं, मग लेकीकडे. प्रियांकाचा हात ताटाखाली भाजत होता, तरी ती ताट खाली ठेवत नव्हती. “आण गो इकडं,” तो म्हणाला. पहिला घास गेला, आणि ढवळीने गवतात तोंड घातलं. लेकीच्या हातचं बिरडं इतकं चांगलं होतं की इतका वेळ कोणाच्या सांगण्यावरून आपण उपाशी होतो, हे त्याला धड आठवेना.

पुढचे काही दिवस दोघे व्याही गोठ्यातच पंगत मांडून बसले. चांगो जेवता जेवता अर्धी भाकर ढवळीला भरवायचा, आणि धाऊने कधी केलं नव्हतं ते करायचा, तिच्याशी बोलायचा. धरणाचं पाणी, सुनेचं कौतुक, स्वतःचा गुडघा, सगळं. एका सकाळी धाऊ मुद्दाम ढवळीचं दावं सोडून फाट्याकडे चालू लागला. मागे खुरांचा आवाज आला नाही. वळून पाहिलं तर ढवळी चांगोच्या सदऱ्याची बाही चाटत होती.

शब्द पाळल्याचं समाधान व्हायला हवं होतं. ते यायला जरा वेळच लागला. एसटीची वाट बघताना समीक्षाचा फोन आला.

“रमली,” धाऊ म्हणाला. “तुझ्या आत्याच्या सासऱ्याची मैत्रीण झाली ती.”

समीक्षाने लगेच विचारलं, “मंग आता तुमची कोण, आबा?”

धाऊने समोरून येणाऱ्या एसटीला हात केला. मग म्हणाला, “आजीला विचार, माझा भात ठेवलाय का.”