राणीसरकारांची वाटी

"आधी भांडं हुंगायचं, मग जनावराचं तोंड बघायचं, आणि रिपोर्ट सगळ्यांत शेवटी!"

मोठ्या बाईंचा हा दम डॉक्टरीणबाईंच्या कानात अजून ताजा होता. मोठ्या बाई म्हणजे त्यांच्या गुरू. कुत्र्या-मांजरांनी काय खावं, किती खावं आणि कशातून खावं, याचं शास्त्र त्यांनीच डॉक्टरीणबाईंना शिकवलं. त्या काळी "जनावरांना कसलं आलंय पथ्यपाणी?" म्हणून लोक हसायचे. आता त्याच लोकांची दवाखान्यात रांग लागायची. आज सकाळचीच गोष्ट. एका गलेलठ्ठ कुत्र्याला काट्यावर चढवायला मालक, मालकीण आणि मेहुणा असे तिघे लागले, आणि तिघंही एका सुरात सांगत होते, "अहो, तो काही खातच नाही हो!"

पण आता, भर दुपारी जिना चढताना, डॉक्टरीणबाईंच्या ओठांवर हसू नव्हतं. वरच्या मजल्यावर खरोखरच काही न खाणारी एक मांजर होती.

घर एका घड्याळजींचं. ते आणि त्यांची थोरली बहीण, दोघंच राहायचे. तिसऱ्या राणीसरकार. पांढऱ्याशुभ्र, हिरव्या डोळ्यांच्या, आणि नावाप्रमाणेच तोऱ्यातल्या. त्यांचा एक किडका दात दवाखान्यात काढला होता. तिथे दुसऱ्याच दिवशी त्या स्टीलच्या ताटलीत पोटभर जेवल्या. घरी आल्या मात्र, आणि अन्नाशी जणू वैर धरलं. डॉक्टरीणबाईंनी तीनदा खाणं बदलून दिलं. मऊ दिलं, पातळ दिलं, कोमट करून द्यायला सांगितलं. सरकार वाटीपर्यंत जायच्या, नाक मुरडायच्या आणि पाठ फिरवायच्या. मांजर उपाशी राहिली की तिचं यकृत लगेच कुरकुरायला लागतं. कालच्या रक्तात ती कुरकुर दिसलीच. आज संध्याकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही, तर उद्या सकाळी भूल देऊन मानेतून अन्नाची नळी घालायची, असं ठरलं होतं.

दार घड्याळजींनीच उघडलं. दाढी वाढलेली, कपाळावर भिंग तसंच चढवलेलं.

"या, डॉक्टर. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची गोष्ट लहानपणी ऐकली होती," ते पडेल आवाजात म्हणाले, "नळी बांधतात हे नव्हतं ऐकलं."

"ए, अभद्र बोलू नकोस!" आतून बहीण ओरडली. "डॉक्टर, याच्याकडे लक्ष देऊ नका. मांजरीच्या मागे वाटी घेऊन दिवसभर हाच फिरतोय. नवरदेवाच्या मागे करवली फिरणार नाही इतका!"

खोलीत पाऊल टाकलं आणि डॉक्टरीणबाई थबकल्या. खिडकीखाली वाटी, कपाटाशी वाटी, पलंगाच्या पायाशी वाटी, दाराआड वाटी. जणू सगळ्या घराला आमंत्रण होतं. राणीसरकार मधोमध उशीवर, डोळे अर्धवट मिटून, या समारंभाशी आपला काही संबंध नाही अशा थाटात बसल्या होत्या. कूस मात्र खपाटीला गेली होती. डॉक्टरीणबाईंनी हळूच पाठीवरून हात फिरवला, हिरड्या पाहिल्या. जखम छान भरली होती. मळमळ नव्हती, ताप नव्हता. भूक तर होतीच, कारण डॉक्टरीणबाईंनी पिशवीतलं तेच खाणं बोटांना लावून पुढे धरताच सरकारांनी बोटं चाटून पुसून स्वच्छ केली.

म्हणजे खाणं चालतंय. मग अडतंय कुठे?

आणि तेव्हा त्यांना मोठ्या बाईंचा दम आठवला, म्हणजे खऱ्या अर्थाने आठवला. तीनदा त्यांनी खाणं बदललं होतं. भांड्याचं एकदाही विचारलं नव्हतं.

"एक रिकामी वाटी द्या बरं. आणि थोडं गरम पाणी."

बहिणीने दोन्ही आणून दिलं. डॉक्टरीणबाईंनी पाणी वाटीत ओतलं, वाकून वाफ हुंगली आणि झटकन मागे सरल्या. वास नाकातून थेट डोळ्यांत गेला. अगदी पुसट, पण उग्र.

"या वाट्या कशाने धुता?"

घड्याळजींचा चेहरा एकदम उजळला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना त्यांच्या प्रांतातला प्रश्न विचारला होता. "तोंडात जखम म्हणून मी जरासुद्धा हयगय केली नाही, डॉक्टर. साबणावर भरवसा कोण ठेवणार? घड्याळाची चाकं धुवायचं माझं यंत्र आहे ना, त्यातून काढतो सगळ्या वाट्या. त्यातलं पाणी फार कडक. वर्षानुवर्षांचं तेलाचं किटाण सुटतं, तिथे जंतूंची काय कथा! नंतर नळाखाली धरतोच."



"अरे माझ्या कर्मा!" बहीण मटकन खुर्चीत बसली. "मांजरीला मनगटी घड्याळ समजलास काय रे?"

"पण मला तर काही वास येत नाही," घड्याळजी वाटी नाकाशी नेत म्हणाले.

"तुला कसा येईल? जन्म गेला त्या वासात! आणि माझं नाक सर्दीने बंद."

"त्यात माझीही भर पडली," डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. "मी कोमट करायला सांगितलं. जितकं कोमट, तितका वास वर. घरात शहाणपणा एकटीनेच दाखवला, तो हिने. खाल्लं असतं त्यातून, तर आज नळीपेक्षा मोठं संकट असतं."

घड्याळजींनी वाटी खाली ठेवली. "म्हणजे मीच..."

"तुम्ही माया केली. चुकीच्या यंत्रात केली, एवढंच."

चारही वाट्या उचलल्या गेल्या. डॉक्टरीणबाईंनी पिशवीतून आपला जेवणाचा डबा काढला, त्याचं झाकण गरम पाण्याने धुतलं, त्यावर चमचाभर खाणं पसरलं आणि ते उशीपासून थोडं लांब ठेवलं. पसरट झाकण, मिशांना कड लागणार नाही.

"आता आपण सगळे स्वयंपाकघरात. तुम्हीसुद्धा."

"मी नुसता दाराशी उभा..."

"तुम्ही आधी."

स्वयंपाकघरात बहिणीने चहा ठेवला. घड्याळजींचे कान बाहेर लागले होते. हातातलं बिस्किट त्यांनी चहात पार विरघळवलं आणि डाव्या गालाने कसंबसं गिळलं. उजवा गाल जरा फुगलेलाच दिसत होता.

"बघा, डॉक्टर," बहिणीने संधी साधली. "मांजरीचा दात काढून आणला. स्वतःचा ठणकतोय तर म्हणे, लवंग धरतो. समोरच्या गल्लीत दाताचे डॉक्टर आहेत, पण तिकडचा रस्ताच सोडला यानं!"

"ताई, आत्ता काय दाताचं?"

"आत्ताच! ती जेवली तर जाशील?"

घड्याळजींनी बाहेरच्या शांततेकडे बघितलं. "ती एक घास जरी जेवली ना," ते म्हणाले, "तर आजच्या आज जाईन. कुणाला ओढून न्यावं लागणार नाही."

"असे शब्द मी पुष्कळ ऐकलेत."

डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटून मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. जगात सगळ्यांच्या पोटाची काळजी वाहणाऱ्याला एक चमचा काय जड?

आणि बाहेरून आवाज आला. खर्र. फरशीवर पत्र्याचं झाकण सरकल्याचा. पुन्हा खर्र, जरा लांबून. मग लपलप.

तिघंही दाराच्या फटीशी गोळा झाली. राणीसरकार झाकणाला खोलीभर ढकलत, त्याच्या मागे मागे जात, जिभेने ते लख्ख करत होत्या. झाकण कपाटाला अडलं, तेव्हा त्यांनी मान वर करून दाराकडे पाहिलं आणि ठणकावून म्हणाल्या, "म्याँव!" वाढप्याचा पत्ता कुठे आहे, असाच त्याचा अर्थ.

बहीण हसता हसता पदराने डोळे पुसायला लागली. घड्याळजी चक्क फरशीवर बसले. "खाल्लं! ताई, खाल्लं गं!" त्यांनी भिंग डोळ्यावर ओढून झाकणाची तपासणी केली. कण उरला नव्हता. "आणखी देऊ?"

"मुळीच नाही. उपाशी पोट आहे, थोडं थोडंच. दोन तासांनी पुन्हा एवढंच, आणि तेही ताईंच्या हातून." डॉक्टरीणबाईंनी शल्यचिकित्सकांना फोन लावला. "उद्याची भूल रद्द करा. फक्त रक्त तपासू... हो, जेवली... नाही, खाणं तेच. भांडं बदललं."

पलीकडून हसण्याचा गडगडाट आला.

झाकण त्या घरातच राहिलं. राणीसरकारांनी त्यावर पंजा ठेवला होता, आणि तो उचलायची कुणाची छाती नव्हती.

डॉक्टरीणबाई निघाल्या तेव्हा बहीण मांजरीशी गुजगोष्टी करण्यात रमली होती. घड्याळजी कुठे दिसले नाहीत. जिना उतरून त्या रस्त्यावर आल्या, तर ते थोडे पुढे चालताना दिसले. घाईत पायांत दोन वेगळ्या चपला सरकवलेल्या. त्यांचं घड्याळांचं दुकान डाव्या हाताला होतं. कोपऱ्यावर ते थांबले, गालावर हात ठेवून एकवार घराच्या खिडकीकडे पाहिलं, आणि कुणालाही हाक न मारता उजवीकडे, दाताच्या डॉक्टरांच्या गल्लीत वळले.