टाकीतलं पाणी

कॉफीच्या यंत्राची पाण्याची टाकी त्याने सिंकमध्ये उलटी केली आणि तळाशी बोट फिरवलं. बोटाला पांढरी पूड लागली. या भागातलं पाणीच तसं, क्षारांनी जड. किटलीपासून नळाच्या तोटीपर्यंत एकही वस्तू त्यातून सुटलेली नव्हती. यंत्रावरचा लाल दिवा कधीपासून डोळे वटारत होता आणि हा त्या दिव्याला रोज उद्याचा वायदा करत होता. आज बायको दुकानात गेली होती, सुट्टी होती, आणि हल्ली रिकामं बसणं त्याला जमत नसे.

हल्ली म्हणजे त्या तापापासून. मित्राकडे सगळे खोकताहेत, जाऊ नकोस, असं बायकोने बजावलं होतं. हा गेला. येताना अंगात कणकण घेऊन आला, आणि "साधा घसा धरलाय" म्हणत तिच्याच कपातली कॉफी प्यायला. त्याचा ताप लवकर उतरला. तिचाही उतरला, पण जाताना नाकातला वास आणि जिभेवरची चव घेऊन गेला. आणि बायको कोण, तर केकवाली. आसपासच्या गल्ल्यांत तिला दुसरं नाव नव्हतं. धाकट्या बहिणीला हाताशी धरून तिने ते दुकान उभं केलं होतं, आणि ते सगळं तिच्या जिभेवर चालायचं. करून सवरून हा नामानिराळा, आणि भोग तिच्या वाट्याला. ती मात्र एका शब्दाने बोलली नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटायचं.

मग त्याने घरातली कामं अंगावर ओढून घेतली. भांडी घासली, खिडक्या पुसल्या, इस्त्री करताना तिचे दोन ॲप्रन जाळले. महिन्यापूर्वी जेवता जेवता ती म्हणाली, "अरे, चव आली परत," तेव्हा त्याला रडू फुटलं होतं. तरी कामाची खोड काही सुटली नाही.

आतले क्षार सुटावेत म्हणून त्याने टाकीत लिंबूसत्त्वाची पावडर विरघळवली. पाकिटावर लिहिल्याप्रमाणे अर्धं पाणी यंत्रातून जाऊ द्यायचं, थोडा वेळ थांबायचं, उरलेलं सोडायचं आणि मग स्वच्छ पाण्याने धुवायचं. अर्धं पाणी गेलं. खालच्या पातेल्यात गढूळ, खरबरीत गाळ उतरला. तो त्याने ओतून टाकला आणि थांबायचंच आहे तर म्हणून यंत्र बाहेरून चकचकीत पुसलं. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या काकांनी कपाट सरकवायला हाक मारली. दोन मिनिटांचं काम म्हणून तो गेला. पण कपाट कुठलं ऐकतंय!

तो परत आला तेव्हा बायको घरी आली होती. टेबलावर बिनदुधाच्या कॉफीचे दोन कप होते आणि तिचा अर्धा रिकामा झाला होता.

"यंत्र साफ केलंस ना?" ती म्हणाली. "काय सुरेख झालीये आज! लगेच फरक कळतो."

त्याने टाकीकडे पाहिलं. मग खुर्ची ओढून बसला आणि एक घोट घेतला. दात आंबले. कॉफी कुठे जाणवतच नव्हती.

कपाच्या कडेवरून ती त्याचा चेहरा बघत होती. हे बघणं त्याच्या ओळखीचं होतं. महिनाभर ती पहिला घास त्याला घेऊ देत होती, त्याच्याकडे बघत होती, आणि मग "मीठ कमी पडलंय" किंवा "छान झालंय" म्हणत होती. त्याला ते प्रेम वाटलं होतं. आज यंत्र लखलखीत दिसलं, म्हणून ती त्याच्या आधी बोलून गेली होती.

त्याने चेहरा सरळ ठेवायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

"काय झालं?"

"टाकीत पावडरचं पाणी होतं. लिंबूसत्त्वाचं."

ती कपात बघत राहिली.

"पोटाला काही होणार नाही ना?"

"नाही. नुसतं आंबट आहे. खूप आंबट."

तिने कप नाकाशी नेला, पुन्हा खाली ठेवला. शरमेने त्याचे कान तापले. आपण रडलो, तिला मिठी मारली, आणि सुटलो म्हणून मोकळे झालो.

"दुकानात काय करतेस?"

"धाकटी चाखते. मी मान हलवते."

"मग मला का खोटं सांगितलंस?"

तिने त्याचा कप उचलला, दोन्ही कप सिंकमध्ये ओतले आणि नळ सोडला.

"रात्र रात्र छताकडे बघत पडायचास," पाठमोरीच ती म्हणाली. "म्हटलं, दोघांतल्या एकाला तरी झोप लागू दे."