धुरपदाच्या दुसऱ्या डोसची लाल बाटली

मित्रांनो, मी लाल औषधाची एक छोटी बाटली आहे. आता रिकामी होऊन दौंडच्या एका दवाखान्यात पिवळ्या पिशवीत पडले आहे. संध्याकाळी मला जाळायला नेतील. त्याआधी थोडं सांगते.

माझ्यातलं औषध मातीतल्या जंतूंपासून तयार झालं. कारखान्यात ते शुद्ध केलं, माझ्यात भरलं. मग फ्रिजमध्ये वाट पाहणं एवढंच माझं काम होतं.

आज सकाळी निमोण्याचे म्हाळूमामा आले. त्यांच्या बायकोला, धुरपदाला, रक्ताचा कॅन्सर आहे. आज तिचा दुसरा डोस होता. पण मामा म्हणाले, “फाईल द्या. आम्ही न्हाई टोचून घेणार.”

“का हो मामा?” फेथ सिस्टरने विचारलं.

“मागल्या सुईनंतर हिला लाल लघवी झाली. म्या मेंढरं राखलीत. लाल लघवीची मेंढी जगत न्हाई.”

“किती दिवस झाली?”

“येकच दिस.”

“मामा, ते रक्त नाही. औषधाचा रंग बाहेर पडतो. आधी सांगायला पाहिजे होतं, आमचं चुकलं.”

तेवढ्यात बाहेर बसलेली धुरपदा आत आली. “मला मेंढरात मोजलं व्हय? टोचा बाई. आजून घरी ऱ्हायले तर हे माझ्या कानात मेंढरावानी बिल्ला मारतील!”

मग माझं औषध तिच्या शिरेत गेलं. त्याचं काम मोठं नवलाचं आहे. खराब पेशी मरायचं विसरून वाढतच राहतात. औषध त्यांच्या आत शिरतं आणि पेशीची सगळी माहिती ज्या पिळदार धाग्यात असते, त्याच्या पिळात जाऊन बसतं. धागा जागोजागी तुटतो. दुरुस्त होण्यापलीकडे बिघाड झाला की पेशीची स्वतःला संपवण्याची जुनी समज जागी होते. ती आकसते, तिचे बारीक तुकडे होतात, आणि शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी ते खाऊन टाकतात. कसला गाजावाजा नाही. चांगल्या पेशींनाही झळ बसते, केस गळतात, हे मात्र खरं.

मित्रांनो, मामांनी पाहिलं ते खोटं नव्हतं. फक्त विचारायचं राहिलं होतं. तुमच्या घरात कोणी औषध घेत असेल आणि काही वेगळं दिसलं, तर लगेच विचारा. भिऊन डोस चुकवू नका.

धुरपदा बरी झाली का, हे मला कळणार नाही. पिशवीत पडताना मी एवढंच ऐकलं. मामा सिस्टरला विचारत होते, “पुढच्या मंगळवारी किती वाजता आणू हिला?”