नीलतारा, सिंधुमाला आणि मी

मित्रांनो, मी एक जुना होल्डॉल आहे. होल्डॉल म्हणजे काय ते माहीत नसेल तर आधी सांगतो. जाड खाकी कापडाची ती लांबलचक गुंडाळी, जिच्यात गादी, उशा, चादरी आणि वेळ पडली तर चपलासुद्धा कोंबतात आणि वरून दोन पट्टे आवळतात, तोच मी. गावाकडची माणसं मला वळकटी म्हणतात. म्हणोत बापडी. सध्या मी माळ्यावर राहतो, आणि खाली पलंगाखाली एक चकचकीत सूटकेस मजेत राहते. तिच्याबद्दल मी काही बोलणार नाही. बोलण्यासारखं खूप आहे, पण नाही बोलणार!

मला सांगायचंय ते माझ्या गोंधळाबद्दल. मला डोकं नाही, तरी हा गोंधळ माझ्या डोक्यातून जात नाही.

माझा जन्म चिंचवडचा. त्या काळात पिंपरीला एकामागून एक कारखाने उभे राहत होते, आणि ट्रकवर टाकायच्या ताडपत्र्या शिवणाऱ्या आबाजी शिंप्याला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. उरलेल्या कापडातून त्यानं मला शिवलं. शिवताना दोन सुया मोडल्या. तिसरी सुई ओवताना तो म्हणाला, "हा गडी आपल्या सगळ्यांना पुरून उरणार." हे माझं आयुष्यातलं पहिलं कौतुक. मी ते अजून जपून ठेवलंय.

मला विकत घेतलं मधुसूदनरावांनी. ते इंजिनाचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत तपासनीस होते. यंत्रावरून उतरलेला भाग मापात आहे का ते बघायचं आणि "पास" म्हणायचं, नाहीतर "रिजेक्ट". अधलंमधलं काही नाही. घरी आमटीसुद्धा ते पास करून मगच भातावर घ्यायचे. त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं. बायको पद्मजाबाई कोकणातल्या, हर्णै बंदराजवळच्या. मुंबईहून बोटीनं त्यांच्या माहेरी जायचं, बोटीवर अंथरायला काहीतरी हवं, म्हणून माझी खरेदी झाली.

ती पहिली सफर! काय सांगू तुम्हाला! बोट धक्क्यावरून हलली आणि पद्मजाबाईंचं पोट तिच्या आधी हललं. हर्णै येईपर्यंत त्या माझ्यावर आडव्या पडून होत्या. परत येताना तर त्यांना माणसं ओळखू येईनात. घरी आल्यावर त्या भिंतीला टेकून म्हणाल्या, "मेले तरी पुन्हा बोटीत पाऊल टाकणार नाही." घाटातल्या एसटीनंही त्यांचं तेच व्हायचं. म्हणजे माहेर सुटलंच की! शेजारणी चिडवायच्या, "समुद्राकाठची मुलगी आणि हिला बोट लागते!" पद्मजाबाई हसायच्या, पण ते हसू लवकर संपायचं.

मी मात्र घरी बसलो नाही. आमच्या कॉलनीत कोकणातली घरं बरीच होती आणि होल्डॉल एकच. सुट्ट्या लागल्या की कोणीतरी दारात यायचं. "वहिनी, होल्डॉल मोकळा आहे का?" मी नेहमी मोकळाच असायचो. असा मी हर्णैला गेलो, दाभोळला गेलो, पार मालवणपर्यंत जाऊन आलो. ज्यांच्या माहेरासाठी मला आणलं, त्या तेवढ्या घरी राहिल्या. हे बरोबर होतं का? मला तेव्हाही कळलं नाही.

उसनी नेलेली वस्तू रिकामी परत करायची नाही, अशी आमच्याकडे रीत. म्हणून परत येताना माझ्या पोटात मूठभर कोकमं नाहीतर एखादा नारळ असायचाच. पण पद्मजाबाई ते नंतर बघायच्या. आधी पट्टे सोडायच्या, मला जमिनीवर पसरायच्या आणि माझ्यात नाक खुपसायच्या. "हं. या वेळी इंजिनाशेजारी होतास वाटतं, तेलाचा वास मारतोय." कधी म्हणायच्या, "मासळीच्या टोपल्या." आणि कधी काहीच न बोलता नुसता वास घेत राहायच्या. तेव्हा माझ्या अंगाला फक्त ऊन आणि मीठ असायचं. एकदा कोणीतरी मला चाकणच्या बाजारात नेऊन कांदे भरून आणले, तेव्हा मात्र त्या भांडायला थेट त्यांच्या दारात गेल्या होत्या!

आणि एके दिवशी त्यांचा धाकटा भाऊ श्याम लग्नाचं आमंत्रण घेऊन आला. कोकमाचं सरबत पिता पिता म्हणाला, "ताई, तू आली नाहीस तर मी बोहल्यावर चढणार नाही, असलं काही मी म्हणणार नाही. चढेन. पण तुझ्याशी जन्मात बोलणार नाही."

"बघ हं, बोलशील उद्याच," पद्मजाबाई म्हणाल्या.

"बघच तू."

तो गेल्यावर त्यांनी त्याचा पेला विसळून ठेवला. मग नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, जायचं. बोटीनंच जायचं. पण या वेळीही तसंच झालं ना, तर माझ्यात पुन्हा धीर यायचा नाही. मग माझं माहेर संपलंच म्हणा."

झालं! मधुसूदनराव कामाला लागले. तेव्हा त्या मार्गावर दोन कंपन्यांच्या दोन छोट्या बोटी होत्या, नीलतारा आणि सिंधुमाला. यातली पास कोणती आणि रिजेक्ट कोणती, हे ठरवायचं होतं. गुरुवारी कंपनीची सुट्टी, म्हणून त्यांनी मला नेणारी सगळी माणसं अंगणात चहाला बोलावली. मीही तिथंच कठड्यावर ऊन खात पडलो होतो.

"तीनच गोष्टी बोलायच्या," मधुसूदनराव म्हणाले. "सेवा, जेवण आणि पैसा वसूल."

"मग नीलतारा!" लक्ष्मणराव म्हणाले. ते दाभोळचे, कंपनीच्या स्टोअरमध्ये कामाला. "राव, काय ती बोट! वाफाळता भात, वर सुरमईचं कालवण, आणि वाढणारा परत विचारायला येतो. नाहीतर तुमची सिंधुमाला. चहा सांगितला मुंबईला, आला हर्णै गेल्यावर."

"भाऊ, कुठल्या नीलताराचं बोलताय?" हे विलासराव, शेजारच्या घरातले, गाव दापोलीजवळ. "आम्ही गेलो तेव्हा तिथला भात म्हणजे नुसती खळ होती. भिंतीला कागद चिकटवा. सिंधुमाला म्हणजे घर हो घर. माणूस जागेवर येऊन विचारतो, पाणी हवं का."

"तुम्हाला नव्हतं विचारलं," त्यांच्या पत्नी भिमाबाई म्हणाल्या. "शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं. तुम्ही मधेच तांब्या पुढं केलात."

"पण मिळालं ना पाणी!"

दूध घालायला आलेल्या गोजाबाईंनाही राहवेना. "आमी काय बोटीत बसलो न्हाई. पन पवना नदीच्या होडीत बसलोय. त्या होडीवाल्यानं च्या बी इचारला न्हाई. मंग तुमच्या दोनी बोटी चांगल्याच म्हनायच्या की."

मधुसूदनरावांनी कपाळाला हात लावला. "अहो, एकाच बोटीची दोन मापं येतातच कशी? एक पिस्टन सकाळी पास आणि दुपारी रिजेक्ट, असं होतं का कधी?"

मित्रांनो, खरी गंमत तर पुढंच आहे. त्या चारही सफरींना मी हजर होतो! आणि सगळे खरंच बोलत होते! नीलताराचं ते कालवण मला आठवतं, त्याचा एक डाग माझ्या डाव्या कडेला अजून आहे. आणि नीलताराची ती खळही आठवते. सिंधुमालेवर मी घरच्यासारखा पसरलो होतो, आणि सिंधुमालेवरच इंजिनाशेजारी भाजूनही निघालो होतो. मग चांगली कोणती? मी माझ्या सगळ्या घड्या उलगडून विचार केला. काही म्हणता काही सुचेना.

तेवढ्यात आतून पद्मजाबाईंचा आवाज आला. "लक्ष्मणराव, तुम्ही होल्डॉल अंथरला कुठं होता?"

"अगं, जागेचं काय मधेच?" मधुसूदनराव म्हणाले. "जागा सगळ्याच बोटीत असते. आपल्याला बोट ठरवायचीय."

त्या चहा गाळायला वळल्या. पण दुसऱ्या दिवशी दोरीवर कपडे वाळत घालताना त्यांनी भिमाबाईंना तेच विचारलं. भिमाबाई म्हणाल्या, "वैनी, सिंधुमालेवर ना? वर अंथरला होता. धुराड्याच्या पुढं, मधोमध. नीलताराला खाली जागा मिळाली, खानावळीच्या मागं. श्वास घेता येईना, तिथं भात कसला गोड लागतोय!" पद्मजाबाईंनी हातातलं ओलं लुगडं तसंच धरलं आणि नुसतं "असं होय" म्हटलं.

अखेर सिंधुमाला पास झाली. का, ते मला विचारू नका. बहुधा विलासरावांचा आवाज मोठा होता म्हणून.

लग्नाला निघालो. माझ्या पोटात गादी, चादरी, नव्या नवरीची साडी, आणि पद्मजाबाईंच्या पोटात सकाळपासून पाण्याचा थेंब नाही. भाऊच्या धक्क्यावर पोचलो तर हमाल ओरडत होता, "सिंधुमालेचा पाण्याखालचा पंखा मोडलाय! आज नीलतारा!"

मधुसूदनराव जागच्या जागी थिजले. "नीलतारा तर रिजेक्ट केली होती आपण," ते म्हणाले, जसं काही बोटीला ते ऐकू जाणार होतं. "चल, परत जाऊ. पुढच्या बोटीनं येऊ."

"पुढच्या बोटीपर्यंत श्यामचं लग्न थांबतंय होय?"

"पण तुला त्रास झाला तर? मग तूच म्हणशील..."

पुढचं पद्मजाबाईंनी ऐकलंच नाही. त्यांनी मला उचललं! मला, एवढ्या वजनाच्या मला, एका दमात खांद्यावर टाकलं! तुम्हाला सांगायला हवं, तेव्हा डेकवरच्या जागांना नंबर नसायचे. ज्याचं अंथरूण आधी पसरलं, त्याची जागा. म्हणून बोटीत चढायच्या फळीवरून सगळे धावत सुटायचे. पद्मजाबाई त्या धावणाऱ्यांत सर्वांत पुढं होत्या. खाली जाणाऱ्या जिन्याकडे त्यांनी बघितलंही नाही. सरळ वर. धुराड्याच्या पुढं. मधोमध. तिथं एक बाई ट्रंक टेकवतच होती.

"ओ बाई, इथं आमची माणसं येणारेत."

"येऊ देत की. ट्रंक कडेला घ्या, सगळे मावू."

आणि त्यांनी पट्टे सोडून मला असा झटका दिला की मी एका दमात पूर्ण उलगडलो. इतक्या वर्षांत मला इतकं ऐटीत कोणीच अंथरलं नव्हतं. त्या बाईनं मुकाट्यानं ट्रंक सरकवली आणि थोड्या वेळानं पानही पुढं केलं.

बोट हलली. पद्मजाबाईंनी डोळे मिटून माझी कड घट्ट धरली. मी काय करू शकत होतो? मी पसरून राहिलो, तेवढंच. समोरून वारा येत होता, धूर मागं जात होता. अलिबागच्या पुढं त्या एकदा उठून कठड्याशी गेल्या. मला वाटलं, संपलं! पण त्या तोंड धुऊन परत आल्या, माझ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "मला भूक लागलीय."

मधुसूदनरावांनी धावत जाऊन जेवण आणलं. ताट यायला उशीर लागला, भात गार होता आणि आमटी खारट. मी शपथेवर सांगतो, खारट होती, कारण थोडी माझ्यावर सांडली. पद्मजाबाईंनी सगळं ताट चाटूनपुसून संपवलं. "वा! काय चव आहे हो आमटीला!"

"खारट आहे," मधुसूदनराव म्हणाले.

"तुमची द्या मग इकडे."

आता सांगा, माझा गोंधळ वाढणार नाही तर काय होणार?

हर्णैला बोट काठाला लागत नाही. मचव्यात, म्हणजे छोट्या होडीत, उतरावं लागतं. श्याम स्वतः मचवा घेऊन आला होता, अंगाला हळद लागली होती तरी. ताई वरून दिसली तसा तो मचव्यातच उभा राहिला. मचवा हलला, आणि नावाडी ओरडला, "बस रे नवरदेवा, बुडवशील!" पद्मजाबाई खाली उतरल्या. श्याम काही बोललाच नाही. न बोलण्याची धमकी दिली होती ती लग्नाला न आल्याबद्दल, पण आल्यावर त्याला शब्दच सापडेनात. त्यानं मला छातीशी कवटाळलं आणि माझ्या आडून डोळे पुसले.

परत आल्यावर कॉलनी अंगणात जमली. सगळ्यांना एकच हवं होतं, नीलतारा कशी?

"रिजेक्ट," मधुसूदनराव म्हणाले. "सेवा उशिरा, जेवण खारट, पैसा वाया."

"पास," पद्मजाबाई म्हणाल्या. "अशी बोट नाही!"

एकच बोट, एकच दिवस, एकच अंथरूण! विलासराव हसून हसून खाली बसले. लक्ष्मणराव मात्र कामाची गोष्ट बोलले. "वहिनी, दिवाळीला मी होल्डॉल नेऊ ना?"

"नाही," पद्मजाबाई म्हणाल्या. "दिवाळीला मी चाललेय."

"पण साहेबांना तर तेव्हा ओव्हरटाइम आहे."

"त्यांना आहे. मला नाही."

आणि त्या गेल्या. एकट्या गेल्या, मित्रांनो, मला खांद्यावर टाकून! पुढची कितीतरी वर्षं आम्ही दोघंच जात होतो. बोटी बंद झाल्या तेव्हा मी माळ्यावर आलो, आणि त्याचं मला दुःख आहे, नाही असं नाही. पण रागवायला जागा नाही, कारण आबाजीनं शिवलेला माझा एकेक टाका वापरून झालाय.

तुम्हाला एकच विनंती आहे. तुमच्या आईची अशी एखादी वस्तू घरात असेल, जी सगळी आळी नेते आणि आईला मात्र कधी मिळत नाही. शोधून काढा. उन्हात घालून झटका. मग आईच्या हातात द्या, आणि परत कधी येणार, ते विचारू नका.